‘नवी प्रजाती सापडली’ हे मराठीत बरोबर आहे का?

प्रश्न

एका मासिकासाठी कोळ्यांवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. विषय नॅफोसिडी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना ग्राउंड स्पायडर म्हणतात ते. मी ‘नवी प्रजाती’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या काकांनी ते खोडून ‘नवी जाती’ केलं. वर्तमानपत्रांत तर सगळीकडे प्रजातीच दिसते. ‘फॅमिली’ला कुटुंब म्हणू की कुल? आणि ग्राउंड स्पायडरला मराठी नाव आहे का?

उत्तर

ताई, काकांची दुरुस्ती योग्य आहे. मराठी विश्वकोशाने रुळवलेल्या परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ती प्रजाती. जीनसला ‘वंश’ असाही शब्द तिथे आहे. हिंदीत मात्र प्रजाति म्हणजे स्पीशीज आणि वंश म्हणजे जीनस. बातम्यांतली ‘प्रजाती’ माझ्या मते हिंदीतून आली आणि जुन्या मराठी अर्थावर बसली. त्यामुळे ‘नवी प्रजाती सापडली’ हे वाक्य दोन मराठी वाचक दोन तऱ्हांनी वाचतात. जुन्या पुस्तकांवर शिकलेला माणूस म्हणतो, अरे, अख्खा नवा जीनस! प्रत्यक्षात असते एक जाती.

कोळ्यांत हा फरक छोटा नाही. नॅफोसिडी कुलात दोन हजारांहून जास्त जाती आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते. नवा वंश उभा करणं हे वेगळं काम आहे. आधीच्या कुठल्याच वंशात ही जाती का बसत नाही, हे तिथे दाखवावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा, की ‘प्रजाती’ शब्द काही वर्षं बाजूलाच ठेवावा. जाती आणि वंश ही जोडी वापरली तर कोणाचाच गोंधळ होत नाही.

फॅमिलीला कुल. कुटुंब म्हटलं की आईबाप आणि पोरं डोळ्यांसमोर येतात. कुल म्हटलं की एका मूळ पुरुषापासून फुटलेला पसारा दिसतो, आणि इथे अर्थ तोच आहे. कुलाच्या सीमाही हलतात. प्रोडिडोमिडी हे कुल २०१८ साली नॅफोसिडीत विलीन केलं गेलं आणि २०२२ साली पुन्हा वेगळं काढलं गेलं. तुमचा मूळ लेख यांतल्या कोणत्या वर्षाचा आहे, ते अनुवाद करताना जरूर बघा.

आता ‘सापडली’ या क्रियापदाबद्दल, कारण मला जास्त बोचतं ते हेच. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी एका टेकडीवरच्या पाहणीत हौशी मदतनीस होतो. दगड उलटायचा, खालचा कोळी कुपीत घ्यायचा, दगड होता तसा परत ठेवायचा. हे कोळी दिवसा दगडाखाली रेशमी पिशवीत बसून असतात आणि रात्री शिकारीला निघतात. सापडायला तासाभरात पाच-सहा सापडत. पण बहुतेक पिल्लं निघत, आणि पिल्लावरून जाती सांगता येत नाही. जाती ठरते ती पूर्ण वाढलेल्या नराच्या पादमृशाच्या (तोंडाजवळच्या आखूड, पायासारख्या अवयवाच्या) टोकाशी असलेल्या अवयवावरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननद्वाराच्या ठशावरून. तेही भिंगाखाली, आणि आजवर वर्णन झालेल्या सगळ्या जवळच्या जातींशी ताडून. कितीतरी जातींचा फक्त नर माहीत असतो किंवा फक्त मादी. दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदलेले नर-मादी एकाच जातीचे निघाले, की जुनं नाव राहतं आणि नंतरचं नाव पर्याय म्हणून यादीत खाली जातं. म्हणजे कोळी सापडतो एका दिवशी आणि जाती ठरते पुष्कळदा वर्षांनी, संग्रहालयातल्या कपाटापाशी. म्हणून ‘नव्या जातीचं वर्णन केलं’ असंच लिहावं.

‘होलोटाइप’ला नुसतं ‘नमुना’ लिहू नका. शितावरून भाताची परीक्षा करतो तेव्हा ते शीत नमुना असतं, बाकीच्या भाताचं प्रतिनिधी. होलोटाइप तसा प्रतिनिधी असेलच असं नाही. तो एकच कोळी, ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं. मी ‘मूळ नमुना’ लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ देतो.

आणखी एक प्रश्न

दादा, ‘जाती’ शब्द वाचताना समाजातली जात आठवते आणि अंगावर काटा येतो. शिवाय आपण तांदळाच्या जाती, आंब्याच्या जातीही म्हणतो. मग?

उत्तर

पहिली अडचण खरी आहे. एखाद्या शिक्षकाने त्या कारणाने ‘स्पीशीज’ असंच लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. दुसरीवर आपल्याकडे शब्द आहे: वाण. आंबेमोहर आणि कोलम हे भाताचे वाण, हापूस आणि पायरी हे आंब्याचे. आंबा ही जाती एकच. शेतकरी वाण म्हणतोच, आपण लिहिणारेच विसरतो.

नावांबद्दल थोडं

मूळ प्रश्नात नव्हतं, पण अनुवादात लागेल. नॅफोसिडींच्या भारतीय जातींवरचं मोठं काम बी. के. टिकादर यांचं. ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतला त्यांचा कोळ्यांचा खंड १९८२ साली आला आणि त्याचा एक भाग या कुलावर आहे. त्यांनी १९७३ साली वर्णन केलेली एक जाती नॅफोसा पूनाएन्सिस. लॅटिनमधलं ‘एन्सिस’ म्हणजे आपलं ‘कर’, तेव्हा ही पुणेकर. इंग्रजीत तेव्हा पूना लिहीत, म्हणून नावात पूना आलं. पुढे इंग्रजी स्पेलिंग बदललं, तरी कोळ्याचं नाव तसंच राहणार.

विशेषणाचं लिंग मात्र बदलतं, आणि ते मराठी माणसाला समजवावं लागत नाही. युरोपात दगडांखाली राहणारी एक जाती फ्रेंच अभ्यासक वाल्केनेर यांनी १८०२ साली अरानिया लॅपिडोसा म्हणून नोंदवली. लॅपिडोसा म्हणजे दगडांची, खडकाळ. अरानिया स्त्रीलिंगी. पुढे ती जाती ड्रॅसोडिस या पुल्लिंगी वंशात गेली आणि नाव झालं ड्रॅसोडिस लॅपिडोसस. करडी कातीण, पण करडा कोळी, तसंच हे. वंश बदलला की पहिल्या लेखकाचं नाव आणि साल कंसात जातं. तो कंस अनुवादात गाळू नका. पूनाएन्सिसपुढे टिकादर यांचं नाव कंसाशिवाय आहे, कारण ती पहिल्याच वंशात आहे.

मराठी नाव

रूढ नाव माझ्या ऐकण्यात नाही, पण घडवायला मराठीत जागा भरपूर आहे. आपल्याकडे भुईमूग, भुईआवळा, भुईकोहळा आहेत. त्याच चालीवर ‘भुईकोळी’ म्हणावं. ‘भूचर कोळी’ पाठ्यपुस्तकी वाटतं, आणि जमिनीवर चालणारे कोळी इतरही कुलांत आहेत. ‘भुई’मध्ये दगडाखालची, मातीलगतची वस्ती येते.

गंमत बघा, कोळी शब्द मुळात विणणाराच. प्राकृतात कोलिअ म्हणजे विणकरही आणि कोळीही. कातीण तर सरळ कातणे या क्रियापदावरून. आणि भुईकोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. पण सूत त्याच्याकडे आहे, आणि कुलाची ओळखही तिथेच पटते. पोटाच्या टोकाला असलेल्या सूत काढणाऱ्या नळ्यांपैकी पुढच्या दोन लांबट, नळकांडीसारख्या आणि एकमेकींपासून दूर असतात. त्यांतून निघणारा चिकट धागा तो धावत्या भक्ष्याच्या पायांना चिकटवून त्याला जखडतो, कधीकधी दुसऱ्या कोळ्यालाही. पाठीमागच्या ओळीतले मधले दोन डोळे चपटे, तिरपे आणि रुपेरी असतात.

ताई, तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: “नॅफोसिडी, म्हणजे भुईकोळ्यांच्या कुलातल्या नॅफोसा वंशात एका नव्या जातीचं वर्णन झालं आहे.” काकांना दाखवून बघा. ‘भुईकोळी’वर त्यांचं काय म्हणणं आहे ते इथे नक्की कळवा.