मदत हवी आहे : इलेक्ट्रिक कुकरमध्ये तुरीची डाळ शिजतच नाही

कृष्णाकाठ
चार दिवस झाले, डाळ शिजत नाहीये. कुकर नवा कोरा आहे. भात छान होतो, मऊ आणि मोकळा. पण तुरीची डाळ लावली की पाऊण तासानंतरही पाणी वर आणि डाळ खाली. दाणा चिमटीत धरला तर बाहेरून मऊ लागतो, दाबला की दोन फाका होतात आणि मधला भाग खडूसारखा. शिवाय मध्येच खटका पडतो आणि दिवा पिवळा होतो. परत दाबला तर परत पडतो. कुकर बिघडलाय का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. आज ड्यूटीवरून आलो की परत लावणार आहे, त्याच्या आत कुणीतरी सांगा. हॉटेलचं खाऊन पोटाचं पार वाटोळं झालंय.

पन्हं
किती शिट्ट्या करता? तुरीला चार तरी हव्यातच. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

कृष्णाकाठ
गॅस नाही, शिट्टी पण नाही. वर काचेचं झाकण आहे, त्याला एक भोक. पुढे एकच खटका. आईसुद्धा फोनवर शिट्ट्याच विचारते आहे.

ओसरी
मग तो प्रेशर कुकर नाही, राइस कुकर आहे. दोन्हींत फार फरक आहे. प्रेशर कुकरमध्ये आतलं तापमान 115-120 अंशांपर्यंत जातं. तुमच्या भांड्यात वाफ कोंडतच नाही, त्यामुळे पाणी उकळेल तेवढंच तापमान. तूर शिजते त्यात, पण वेळ लागतो आणि नखरे सांभाळावे लागतात.
आता हे सांगा : डाळ किती, पाणी किती, भिजवता का, डाळीत आणखी काय घालता?

मेपल
तो डबा देऊन टाका कुणाला तरी आणि इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर, घ्या. माझ्याकडे सहा वर्षं आहे. खालच्या भांड्यात डाळ, वर तिवईवर भाताचा डबा, बटण दाबून मुलांना शाळेतून आणायला जायचं. आल्यावर दोन्ही तयार. फोडणीसुद्धा त्यातच होते. न्यू जर्सीच्या थंडीत सकाळी सातला दोन शेगड्यांपुढे उभं राहणं मी तेव्हापासून बंद केलं. हवं तर भारतात येताना आणता येतो.

भटक्या
मेपल, तिकडचा आणू नका. तो 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. थेट प्लग लावला की संपला. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्यायचाच तर इथलाच घ्यावा. पण त्यांनी नवीन काय घेऊ हे विचारलेलंच नाही, आहे त्यात डाळ कशी शिजेल हे विचारलंय.

कृष्णाकाठ
नवीन काही घेणार नाही, महिनाअखेर आहे. पीजीत राहतो, मालक शेगडी-इंडक्शन लावू देत नाही. हा 1.8 लिटरचा, 700 वॅटचा आहे. डाळ अर्धी वाटी, पाणी दीड वाटी. भिजवत नाही, वेळच नसतो. डाळीत नेहमीचंच घालतो.

ओसरी
नेहमीचं म्हणजे काय काय?

कृष्णाकाठ
हळद, हिंग, मीठ, एक टोमॅटो, थोडा चिंचेचा कोळ, गूळ. आमटीच करायची असते, तर एकदमच सगळं टाकतो.

ओसरी
इथेच घोटाळा आहे. आंबट घातलं की दाण्याला आतून धरून ठेवणारं जे चिकट द्रव्य असतं ना, ते विरघळत नाही. दाणा कितीही उकळला तरी आपला आकार सोडत नाही. चिंच-टोमॅटो डाळ पूर्ण गळाल्यावरच. हळद, हिंग आणि चमचाभर तेल मात्र आधी घाला, फेस कमी येतो.

पन्हं
हे काही पटलं नाही. आमच्याकडे तीस वर्षं टोमॅटो डाळीतच टाकून कुकर लावतात. डाळ लोण्यासारखी होते.

ओसरी
तुमच्याकडे शिट्टीचा कुकर आहे. 120 अंशांपुढे टोमॅटोचं काही चालत नाही. उघड्या पातेल्यात एकदा आधी चिंच घालून बघा, मग बोलू.

गोदावरी
अरे, गाव कुठलं ते तर कुणी विचारलंच नाही. पाणी कुठलं वापरतोस बाळा? आमच्या शेतातल्या बोअरच्या पाण्यात तूर जन्मात शिजत नाही. हरभरा तर विचारूच नकोस. सासूबाई डाळीसाठी वेगळी कळशी गावातल्या आडावरून आणायला लावायच्या.

कृष्णाकाठ
सांगलीचा, पण आता बंगळुरूला आहे. नळाला जे येतं ते वापरतो. बोअरचंच असावं, टँकरही येतो. प्यायला वेगळा कॅन घेतो.

गोदावरी
चहाची किटली आहे का? आत डोकावून बघ. तळाला पांढरी खपली धरली असेल तर पाणी जड आहे.

कृष्णाकाठ
आत्ता बघितलं. तळ पूर्ण पांढरा झालाय, नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. दोन महिन्यांची किटली आहे.

ओसरी
गोदावरीताई, बरोब्बर. ती खपली म्हणजे पाण्यातला चुना. डाळीच्या दाण्यातही तोच जाऊन बसतो आणि दाणा आवळून धरतो. डाळीला प्यायच्या कॅनचंच पाणी वापरा. शिवाय बंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर, तिथे पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे सांगलीपेक्षा थोडा जास्त वेळ धरून चाला.

अबोली_पुणे
एवढं कशाला? चिमूटभर खायचा सोडा टाका. वीस मिनिटांत डाळ मेण.

पन्हं
सोडा अजिबात नको. डाळीतलं बी वन जीवनसत्त्व जातं आणि आमटीला साबणासारखी चव येते.

अबोली_पुणे
चिमूटभराने साबण लागत नाही. मी वसतिगृहात चार वर्षं असंच खाल्लं. अर्ध्या वाटीला दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढाच घालायचा.

पन्हं
रोज रोज नकोच. एखाद्या दिवशी अडलंनडलं तर ठीक.

विजेचा_माणूस
खटक्याचं कुणीच बोललं नाही, मूळ प्रश्नात तेही आहे. कुकर बिघडलेला नाही. भांडं बाहेर काढलं की तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर एक गोल गोटी दिसेल, तिच्यात चुंबक असतं. भांड्यात पाणी असतं तोवर बूड उकळत्या पाण्याइतकंच तापतं. भात सगळं पाणी पिऊन टाकतो, बूड त्यापुढे तापतं, त्या उष्णतेने चुंबकाची ओढ सुटते आणि खटका पडतो. डाळ मात्र खाली बसून बुडाला धरते. वर पाणी असतं, पण डाळीच्या थराखालचं बूड तापतं, आणि कुकरला वाटतं पाणी संपलं. म्हणून पाणी दुपटीने वाढवा आणि दर दहा मिनिटांनी लाकडी चमच्याने तळापासून ढवळा. खटका पडलाच तर पाच मिनिटं थांबून बूड निवू द्या, मग दाबा.

राजापूरकर
खटक्याखाली आगपेटीची काडी अडकवली की पडत नाही. आम्ही सगळे असंच करायचो.

विजेचा_माणूस
कृपा करून हे कुणी करू नका. तो खटका हाच त्या यंत्राचा रखवालदार आहे. पाणी संपलं आणि खटका अडकलेला असला तर बूड तापतच जातं. पीजीच्या खोलीत, गादीशेजारी, माणूस आंघोळीला गेलेला. आणखी एक, पातळ एक्स्टेन्शनवर लावू नका. 700 वॅट म्हणजे तीन अँपियर सतत, प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट बदला.

चिमणी
विषय निघालाच आहे तर विचारते, माझ्याकडे स्लो कुकर आहे, त्यात राजमा सकाळी लावून गेलं तर चालेल का?

भटक्या
राजमा थेट लावू नका! कच्च्या राजम्यात विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, आणि स्लो कुकर नेहमी तेवढा तापत नाही. अर्धवट शिजलेला राजमा खाऊन माणूस एक ते तीन तासांत उलट्यांनी आडवा होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास उकळा, मग कुकरात काय ते करा.

मेपल
मी अजूनही म्हणते, इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये यातलं एकही झंझट नाही.

गोदावरी
ज्याच्याकडे जे आहे त्यातच त्याला रांधायचंय गं. कृष्णाकाठ, तुरीचा हट्ट आज सोड. मुगाची डाळ घे, अर्ध्या तासात गळते. तूर सुट्टीच्या दिवशी. आणि आल्याआल्या किटलीत कॅनचं पाणी उकळून डाळ त्यात तासभर भिजत घाल, तोवर आंघोळ-कपडे होतील.

कृष्णाकाठ
तूरच लावली. साडेसातला आलो, डाळ उकळत्या पाण्यात भिजवली, साडेआठला लावली. अर्ध्या वाटीला अडीच वाट्या कॅनचं पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल. चिंच-टोमॅटो बाजूला ठेवलं. खटका एकदाच पडला, तेव्हा मी ढवळायला विसरलो होतो. पन्नास मिनिटांनी चमचा घातला तर दाणा सापडेना. रवी नाही, स्टीलच्या पेल्याच्या बुडाने घोटली. मग टोमॅटो, कोळ, गूळ, मीठ घालून दहा मिनिटं. आमटी डब्यात काढली आणि त्याच भांड्यात भात लावला, वरच्या जाळीवर तो डबा ठेवला म्हणजे गरम राहील. जेवायला पावणेअकरा वाजले, पण दोन वाट्या आमटी नुसतीच प्यायलो. आईला फोटो पाठवला. सगळ्यांचे मनापासून आभार, गोदावरीताईंचे विशेष.
आता फोडणीचं सांगा. या भांड्यात तेल तापेपर्यंत खटका पडतो, मोहरी तडतडतच नाही.

गोदावरी
कुकरात फोडणी नको करूस, भांड्याचं लेपण जाईल. पुढच्या वेळी गावाहून येताना आईकडून तळलेल्या फोडणीची बरणी भरून आण. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता चांगला कुरकुरीत तळून. कोरड्या चमच्याने घेतलीस तर पंधरा दिवस सहज राहते.