पगार आणि ताट: आपापले हिशेब टाका

पसाभर: जुनी हिशेबाची वही दिसली म्हणून हा धागा. महिनाअखेरीस आधी फळं-पालेभाज्या गळतात, तेल-साखर टिकते. 100 ग्रॅम तेलात जवळपास 900 कॅलरी, साखरेत 400, कोरड्या धान्यात 350, पालेभाजीत जेमतेम 25-30. "गरिबांना चांगलं काय खावं ते कळत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी रुपयाला किती कॅलरी पडतात हा भागाकार करावा.

रकाना: +१. पण किलोचा भाव बघू नका. दोन रकाने पाडा: 100 कॅलरीला किती पडले, 10 ग्रॅम प्रथिनांना किती. कोरड्या डाळीत शेकडा 22-24 ग्रॅम, दुधात सव्वातीन. मग इंधन धरा! न भिजवलेलं कडधान्य कुकरशिवाय तासभर सहज खातं. रात्रभर भिजवा, बरंच वाचतं.

घाईगडबड: दोन पाळ्या करून आल्यावर भिजवायचं लक्षात कोण ठेवणार 😀

आकडेमोड: जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल, 1857: उत्पन्न वाढलं की खाण्यावरची रक्कम वाढते, पण खर्चातला तिचा वाटा घटतो. त्याहून मजेशीर म्हणजे चीनमधल्या हुनानचा प्रयोग (अर्थतज्ज्ञ जेन्सन आणि मिलर, 2008). तांदळावर सूट दिली तर गरीब घरांनी तांदूळ कमी घेतला! वाचलेले पैसे दुसऱ्या जिनसांवर गेले. अगदी तळाच्या घरांत मात्र हे दिसलं नाही, तिथे आधी पोटच भरायचं होतं.

दोनघास: वाया जाणं कोणीच धरलं नाही. मूल नवी भाजी बरेचदा 8-10 वेळा समोर आल्यावर खातं. तोवरची टाकून देणं सगळ्यांना परवडत नाही, मग नक्की संपेल तेच आणलं जातं. वेगळी वाढू नका, मोठ्यांच्या ताटातला एकच घास द्या.

सुट्टेपैसे: छोटी पाकिटं वजनाला महाग, मान्य. पण रोजंदारीत महिन्याची रक्कम एकदम हातात येते कुठे? आणि मोठं आणलं तरी ठेवायचं कुठे, तेल खवट, धान्यात सोंडे.

घाईगडबड: सोंड्यांवरून आठवलं, उपाय सांगा ना कोणीतरी. पीठही गेलं.

रकाना: उणे 18 ला चार दिवस फ्रीझरमध्ये.

सुट्टेपैसे: घ्या, आधी फ्रीझर घ्या 😂

रकाना: बरं बरं. नसेल तर कडक वाळवून, पूर्ण गार करून हवाबंद डब्यात. गरम भरलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. पीठ थोडं थोडंच दळून आणा.

घाईगडबड: धन्यवाद! गिरणी आठला बंद होते, पळते.