विषय: रविवारचं भरीत – आग विझवायचा (फायरचा) सिलिंडर नेमका कोणता? (दुकानदाराला उद्या ११ ला सांगायचंय)

नाना (सध्या भालोद):
वांगी बामणोदचीच, ८० किलो. ती भाजायला पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) शेतात पडल्याच आहेत. जळगावचा दुकानदार ए-बी-सी पावडरचे ६ किलोचे दोन आणि सीओटूचा साडेचार किलोचा एक देतोय. अण्णांनी 'के' सांगितलेला, तो त्याच्याकडे नाही. मागच्या वेळसारखी ऐन वेळी धावपळ नको. रात्रीपर्यंत कळवा.

अण्णा (एडिसन):
'के' म्हणजे कढईच्या तेलाचा. पुऱ्यांच्या दोन कढया आहेत म्हणून म्हटलं, हौस नाही मला. आणि ए-बी-सी ही आगीच्या प्रकारांची अक्षरं, त्यातला सी विजेचाच, मग सीओटू कशाला? तेवढेच पैसे वाचतील.

आक्का (लीड्स):
अण्णा, सी विजेचा तो तुमच्या अमेरिकेत. भारतात आणि आमच्याकडे सी म्हणजे गॅसची आग. विजेला वेगळं अक्षरच नाही. तुमच्या 'के'ला आम्ही 'एफ' म्हणतो. नाना, अक्षर सोडा, 'वेट केमिकल' आहे का असं विचारा.

अण्णा:
पावडर विजेवर चालते की नाही, एवढंच सांगा.

आक्का:
चालते. पण जनरेटरमध्ये शिरली की तो साफ करता करता नाकी नऊ येतील, आणि मंडपवाला भाडं सोडून दुरुस्तीही लावेल. तिथं सीओटूच. आधी जनरेटर बंद करायचा. सीओटूच्या तोंडाचा कर्णा मात्र हातात धरू नका, आतून उणे ७८ अंशांचा गारठा येतो, कातडी सोलून निघते.

भाऊ (मस्कत):
अरे भो, पऱ्हाट्यांचं कोणी बोलेना! धरणगावला लहानपणी जिनिंगमध्ये कापसाची गाठ पेटलेली पाहिलीय. पावडर मारली, जाळ गेला, माणसं चहाला बसली. रात्री तीच गाठ परत पेटली, आत धुमसत होती. कापूस, लाकूड, कडबा, याला पाणीच लागतं, पार आतपर्यंत मुरणारं. फवारणीचे दोन पंप भरून ठेवा.

वहिनी (सध्या फैजपूर):
फवारणीचा पंप स्वयंपाकाजवळ दिसला तर याद राखा, भाऊजी! औषधाचा वास जातो का त्याचा? ड्रम आणि बादल्या ठेवा, त्याही पऱ्हाट्यांच्या बाजूला. कढईकडे पाण्याचा थेंब नको. मागच्या दिवाळीला जावेच्या घरी तेलानं पेट घेतला. दीर तांब्या घेऊन धावले, मी मनगट धरलं. शेगडी बंद केली आणि कणकेची परात बाजूनं सरकवत कढईवर झाकली. धाकटा सारखा 'बघू बघू' करत होता, अर्धा तास परातीला हात लावू दिला नाही. झाकण उघडलं की तेल पुन्हा पेटतं. स्वयंपाकाकडचं मी बघते, दरवर्षी बघतेच.

अण्णा:
परात बरोबर आहे, पण दोन कढया एकदम पेटल्या तर?

वहिनी:
तर दोन पराती.

आक्का:
वहिनी, वेट केमिकल मिळाला तर हवाच. त्यानं तेलावर साबणासारखा थर बसतो आणि तेल गारही होतं. पावडरनं तेल गार होत नाही. शिवाय जवळून मारली तर तेलच उडतं. म्हणून दोन-तीन मीटर लांबून, वारा पाठीवर घेऊन. पिन ओढायची, नेम बुडाशी धरायचा, दांडी दाबायची, अंगण झाडतो तशी नळी फिरवायची. ६ किलोचा पंधरा-वीस सेकंदांत संपतो, त्यामुळे आधी हवेत मारून बघणारे उत्साही लांब ठेवा.

भाऊ:
गॅसची नळी पेटली तर?

आक्का:
आधी वॉल्व्ह बंद. तो बंद होत नसेल तर ज्योत विझवू नका, गॅस साचून मोठा भडका उडतो. माणसं हलवा, १०१ ला फोन.

नाना:
दुकानात जाऊन आलो. पावडरच्या एकाचा दाबाचा काटा लालमध्ये होता, म्हटलं हिरव्यातला दे. म्हणे, 'नाना, कार्यक्रम एक दिवसाचा, चालतो.' बदलूनच घेतला. सीओटूला काटा नसतो, तो वजन करून दिला. वेट केमिकल भुसावळहून शुक्रवारी येतोय. पराती वहिनींकडे.
केळीची पानं कोण आणतंय, ते अजून कोणी बोललेलं नाही.