अंगणातला हा मॅग्नोलिया नक्की कोणता? अर्ध्या बाजूला फुलंच नाहीत

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही न्यू जर्सीत घर घेतलं. मागच्या अंगणात 15 फुटांचं एक झाड आहे. बुंध्यापासूनच तीन खोडं फुटलेली, साल राखाडी, गुळगुळीत. हिवाळाभर काटक्यांच्या टोकाला लव असलेल्या कळ्या होत्या, मांजराच्या पिल्लाच्या पंजासारख्या मऊ. मार्चअखेरीस एकही पान नसताना झाड बहरलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, हा चाफ्यातलाच दिसतोय!" शोधलं तर खरंच, आपला सोनचाफाही मॅग्नोलियाच. तेव्हापासून या झाडात जीव अडकलाय.

फूल पेल्यासारखं उभं, ओंजळभर. देठाशी बाहेरून गर्द जांभळट गुलाबी, टोकाकडे फिकट, आतून पांढरं. पाच फुलं मोजली, प्रत्येकात 9 पाकळ्या. वास मंद. शेजारच्या आजी याला स्टार मॅग्नोलिया म्हणतात, नर्सरीत 'जेन' नावाची मॅग्नोलियाची जात सांगितली. कोणाचं खरं?

दुसरं म्हणजे, भिंतीकडच्या फांद्या छपराला घासत होत्या म्हणून नोव्हेंबरमध्ये मी त्या बाजूची सगळी टोकं छाटली. आता तिकडे एकही फूल नाही. झाडाला इजा झाली का? त्यात परवा रात्री दहिवर (गोठलेलं दव) पडलं आणि सकाळी उरलेली फुलं केळ्याच्या काळ्या सालीसारखी झाली. फार वाईट वाटलं. खाली ट्युलिपचे कांदे लावायचा विचार आहे, चालेल ना?

प्रतिसाद:
स्टार नाही. त्याच्या पाकळ्या अरुंद, फितीसारख्या आणि 12 किंवा जास्त असतात. 'जेन'ही नसावा, तो उशिरा फुलतो, म्हणून दहिवरातून बरेचदा वाचतो. तुमचा सॉसर मॅग्नोलिया वाटतोय. दोन चिनी जातींचा हा संकर 1820 च्या दशकात पॅरिसजवळ सुलांज-बोदँ यांच्या बागेत झाला. त्याची पोटजात मात्र वर्णनावरून सांगता येणार नाही.

झाड ठीक आहे. पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, त्या तुम्ही नोव्हेंबरमध्ये कापल्या, एवढंच. यापुढे छाटणी फुलं गळाल्या गळाल्या करा, तीही थोडीच. दहिवराने फुलं जातात, झाडाला धक्का लागत नाही.

ट्युलिप मात्र खाली नको. मॅग्नोलियाची मुळं मांसल, ठिसूळ आणि वरवर पसरलेली असतात, खुरप्याने तुटली की लवकर सावरत नाहीत. त्यापेक्षा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं लांब ठेवून.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार! आत्ताच जाऊन पाहिलं, छाटलेल्या फांद्यांवर बारीक हिरवे कोंब आहेत. आईला लगेच फोटो पाठवला. ट्युलिप कुंपणाकडे लावते.