टूरिंग बाईकला कंपनीबाहेरचे फुटबोर्ड (पाय ठेवायच्या रुंद पाट्या) बसवायचेत: मजबूत आणि आरामशीर कोणते?

लांबपल्ला

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

गाडी मोठी व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडरवाली) टूरिंग, वयाने थोराड, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलेली. आधीच्या मालकाने कंपनीचे फुटबोर्ड काढून कुठलेतरी चकचकीत बोर्ड लावलेत. दिसायला झकास. पण दीड तास झाला की तळव्यांना मुंग्या येतात, आणि उजव्या बोर्डावर टाच टेकवली की तो बाहेरच्या अंगाला खाली झुकतो. सिग्नलला उभं राहिलं की असा खडखडतो, जसं काही सुटून पडणारच आहे.

माझी उंची ६ फूट १ इंच, बूट टाचेपासून टोकापर्यंत ३२ सेंमी. दिवसाला ५००-६०० किमी होतात, बहुतेक वेळा मागे बायको आणि दोन्ही बॅगा भरलेल्या. गुडघे जरा जास्तच दुमडलेले राहतात, म्हणून एक इंच खाली बसणारे बोर्ड घ्यावेत असं मनात आहे. ओतीव अॅल्युमिनियमचे घ्यावेत की अखंड ठोकळ्यातून कोरलेले? वर रबर बरं की धातूचे दाते? बजेटचं नंतर बघू, एकदाच घ्यायचेत आणि विसरायचेत.

तेलकट हात

खरेदीच्या आधी अर्धा तास पाना हातात घ्या. झुकणारा बोर्ड आणि खडखडाट या दोन्हींचं मूळ दहातल्या आठ वेळा बोर्डाच्या पाटीत नसतं, बिजागरीत असतं.

बोर्डाची बाहेरची कड धरा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवा. वर दुमडणं ठीक, ते व्हायलाच हवं. पण पुढे-मागे ठकठक होत असेल तर पिन झिजलीय. पिनच्या टोकाला छोटी क्लिप असते, ती स्क्रू ड्रायव्हरने काढताना वर फडकं धरा, नाहीतर ती उडून अशा जागी जाते की पुढच्या मालकालाच सापडेल. पिन बाहेर आली की तिच्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर तिथे खाच पडलीय. पिन बदलता येते. मग बोर्डाचं भोक बघा. गोल असेल तर नवी पिन, नवे वॉशर, थोडं ग्रीस, विषय संपला. भोक लांबुळकं झालं असेल तर मात्र बोर्डच बदला. ओतीव अॅल्युमिनियममध्ये वेल्डिंग करून भोक नव्याने पाडून देणारे भेटतील. मी पाय ठेवणार नाही.

मुंग्यांचं कारण वेगळं. चांगल्या बोर्डात पाटी आणि पाय यांच्यामध्ये नुसता रबराचा पातळ थर नसतो. खाली जाड रबराच्या गुट्ट्या असतात आणि पायाखालची पट्टी त्यांच्यावर तरंगते. अंगठ्याने दाबून बघा. दबत नसेल तर रबर मेलंय, किंवा मुळात नव्हतंच. अनेक शोभेच्या बोर्डांत धातूवर नुसती नक्षीदार रबरी पट्टी चिकटवलेली असते. ती पाय घसरू देत नाही एवढंच, कंप सगळा वर येतो.

घाटवेडा

ते "एक इंच खाली" प्रकरण घेण्याआधी जरा हिशेब करा. मी पूर्वी तसलेच घेतले होते आणि पहिल्याच घाटात ठिणग्या पाडल्या.

समजा बोर्डाची बाहेरची कड गाडीच्या मध्यरेषेपासून ४० सेंमी बाहेर आहे आणि जमिनीपासून २५ सेंमी वर. टायरची रुंदी आणि सस्पेन्शनचं दबणं बाजूला ठेवलं तर गाडी ३२ अंशांपर्यंत झुकते, मग कड टेकते. मोठ्या टूरिंग गाड्यांचा आकडा याच्याच आसपास असतो, हार्लेच्या बॅगर (बाजूला बॅगा असलेल्या) गाड्यांना कंपनीच्याच तक्त्यात ३१-३२ अंश दाखवतात. आता बोर्ड २.५ सेंमी खाली घ्या: २९.४ अंश. वर बोर्ड २.५ सेंमी रुंदही निघाला तर २८ सुद्धा नाही.

तीन-चार अंशांनी काय होतंय, असं वाटेल. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ३२ अंशांना ताशी ६३ किमी वेग निघतो. २८ ला ५८. म्हणजे ज्या वळणावर काल आरामात गेलात, तिथेच आज बोर्ड घासणार. मागे बायको आणि बॅगा म्हटल्यावर गाडी आधीच दबलेली, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच.

बोर्ड घासला म्हणून लगेच पडत नाही माणूस. तो बिजागरीवर वर दुमडतो, आवाज होतो, तुम्ही शहाणे होता. भीती त्याच्या मागच्या न दुमडणाऱ्या भागाची. खाली नेणाऱ्या ब्रॅकेटचा बुडखा जर दुमडलेल्या बोर्डाच्याही खाली येत असेल, तर तो रस्त्यावर टेकला की मागच्या चाकावरचं वजन हलकं होतं. घेण्याआधी बोर्ड पूर्ण वर दुमडून खालून फोटो मागवा.

गुडघ्यांसाठी माझा उलटा सल्ला: बोर्ड खाली नेऊ नका, सीट वर घ्या. ६ फूट १ इंच असाल तर सीटला एक इंच फोम वाढवूनही पाय जमिनीला सहज टेकतील. गुडघा तेवढाच उघडतो, झुकण्याचा एक अंशही जात नाही.

गोलविंगी

घाटवेडा यांना +१. सीटचं अगदी खरं.

जाता जाता, सगळीच गाडी फुटबोर्डांसाठी जन्मलेली नसते. माझी गोल्ड विंग, १८३२ सीसीवाली. आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन नडग्यांच्या पुढ्यातच येतं, पाय पुढे ताणायला जागा नाही. तिला चालकासाठी कंपनीबाहेरचे बोर्ड मिळतात, पण मी रुंद फूटपेगवर (पाय टेकवायच्या आखूड खुंटांवर) समाधानी आहे. खड्डा दिसला की चवड्यांवर भार देऊन ढुंगण उचलता येतं. बोर्डावर पाय पुढे असतात, तिथे हे जमत नाही, सगळा दणका थेट माकडहाडाला.

तेलकट हात

@गोलविंगी, मान्य, पण धागाकर्त्यांच्या गाडीला जन्मापासून बोर्डच आहेत. पेग लावायचे म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्हीचे लिव्हर बदलायचे. कशाला तो उद्योग.

मागची सीट

मागे बसणाऱ्यांच्या वतीने चार ओळी. इथे सगळे पुढच्याच पायांची चर्चा करताहेत :)

मागचा बोर्ड नुसता पाय ठेवायला नसतो, तो पायरी असतो. चढताना माझं अख्खं वजन डाव्या बोर्डाच्या बाहेरच्या कडेवर येतं, तेही झटक्यात. तेव्हा मजबुतीचा प्रश्न मागे जास्त आहे. बारीक ब्रॅकेटवरचे नाजूक बोर्ड बघितले की मला चढायचीच भीती वाटते. (चढताना चालकाने साईड स्टँडच्या भरवशावर न राहता गाडी दोन्ही पायांवर सरळ धरावी, हे आमच्याकडे भांडूनच ठरलं.)

दुसरं, उंची. मागचे बोर्ड फार वर असले की गुडघे छातीला लागतात आणि सगळा भार बसण्याच्या हाडांवर जातो. फार खाली असले की मांड्या लोंबकळतात आणि पायाला टेकूच राहत नाही. अनेक गाड्यांना मागच्या बोर्डाच्या ब्रॅकेटला वर-खाली दोन-तीन भोकं असतात, ती कुणी बघतच नाही. आमच्याकडे एक भोक खाली घेतल्यावर माझी कंबर दुखायची थांबली. खर्च शून्य. तुमच्या बायकोला सीटवर बसवून आधी विचारा, मग ऑर्डर द्या.

आणि टाचेजवळ सायलेन्सर कुठून जातो तेही बघा. लांब बोर्ड घेतला की टाच मागे सरकते. माझ्या एका बुटाचा सोल तसाच वितळलाय.

नटबोल्ट

धातूचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून.

ओतीव अॅल्युमिनियम: स्वस्त, हवा तो आकार, रोजच्या वापराला पुरेसं. गाडी उभ्याने आडवी झाली तर मात्र वाकण्याऐवजी तडकतं. वाकलंच तर सरळ करायच्या फंदात पडू नका, तिथेच मोडतं. ६०६१-टी६ जातीच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेलं: महाग, पण धातू एकसंध, पिनचं भोक नेमकं, आणि झीजही हळू. पोलाद: वजनदार, वाकेल पण सहसा तुटणार नाही, कोटिंग खरवडलं की गंज. तुमच्यासारखा लांबचा आणि ओझ्याचा प्रवास असेल तर मी कोरलेलंच घेईन. पण "कोरलेलं" एवढं ऐकून भुलू नका. पाटी कोरलेली आणि ब्रॅकेट ओतीव, असे नमुने भरपूर आहेत. भार ब्रॅकेटवर असतो.

दाते की रबर? कुर्याकिन, आर्लेन नेस वगैरे ब्रँडकडे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, फोटोत दातेवाले फार देखणे दिसतात. पावसात आणि चिखलाच्या बुटांनी त्यांची पकड खरंच भारी. पण तुम्ही दिवसभर पाय सरकवत बसणार: चवडा, टाच, बोटं वर, बोटं खाली. बोर्डाचं सुख त्यातच आहे. दात्यांवर पाय सरकत नाही, उचलून ठेवावा लागतो. सोलही खातात. तुमच्या मुंग्यांचा विचार करता जाड तरंगतं रबर, त्यात पाणी निघायला खोल चर. रबर वेगळं विकत मिळतं का, हे आधी विचारा. पट्टी बदलताना खालचे रबरी बोंडे भोकांतून ओढून घ्यावे लागतात, कोरडे ओढलेत तर मुंडकी तुटतात. साबणाचं पाणी लावा, मग पक्कडीने हळू.

आता जे सांगायला मुळात लॉगिन केलं ते. नवे बोर्ड बसवल्यावर ब्रेक पेडल. माझे बोर्ड जुन्यापेक्षा जेमतेम १२-१३ मिमी जाड होते. बसवले, खूश झालो, निघालो. पहिल्याच ब्रेकला पाय नेहमीसारखा सरकवला तर पेडल आता पायाच्या पातळीपेक्षा खाली, आणि माझ्या बुटाचा पुढचा भाग बोर्डाच्या कडेवरच टेकला. मी जीव खाऊन बोर्ड दाबत होतो. पुढच्या चाकाच्या ब्रेकवर थांबलो, समोरच्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे स्क्रू मोजता येतील इतक्या जवळ. घरी येऊन पेडलची उंची जुळवली, पाच मिनिटांचं काम होतं. पेडल हलवल्यावर त्याला थोडी मोकळी चाल राहिलीय ना, तेही बघा, नाहीतर मागचा ब्रेक कायम घासत राहील.

डावीकडे गिअर लिव्हरच्या दांडीचंही तेच. साईड स्टँड पायाने बाहेर काढायचा खुंट नव्या बोर्डाखाली लपत तर नाही ना, तेही बघा. रुंद बोर्डांत तो सापडतच नाही, मग पार्किंगमध्ये माणूस आंधळ्यासारखा पायाने चाचपडत बसतो.

बोल्टला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), आटे आधी स्वच्छ करून. लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. घट्टपणा मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क पान्याने. पहिल्या २००-३०० किमीनंतर एकदा सगळं तपासा.

लांबपल्ला

कमाल आहात सगळे. वाचनखूण साठवली आहे.

शनिवारी पिन काढली. (क्लिप उडाली. फडकं धरलं नव्हतं.) नख फिरवायची गरजच पडली नाही, खाच डोळ्यांनी दिसत होती, आणि भोक चक्क अंड्यासारखं लांबुळकं झालंय. तेव्हा बोर्ड बदलणं आलंच. रबराखाली गुट्ट्या नाहीत, पट्टी चिकटवलेलीच आहे.

मग टेप घेऊन बसलो, बायकोला मागे बसवून, बॅगा भरून. कड मध्यापासून ४१ सेंमी, जमिनीपासून २३. घाटवेडा यांच्या पद्धतीने २९ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे मी आधीच कमी उंचीवर आहे आणि आणखी एक इंच खाली जायला निघालो होतो! तो बेत रद्द. मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवल्यावर दीड सेंमी उंची परत मिळाली, ते वेगळंच.

बोर्डाच्या मापाचे पुठ्ठे कापून सध्याच्या बोर्डांवर चिकटटेपने लावले आणि गाडी स्टँडवर ठेवून त्यावर तासभर बसून राहिलो. रुंदी आहे तेवढीच पुरते. लांबी मात्र ३-४ सेंमी जास्त हवी, आत्ता माझी टाच अर्धी बाहेर लोंबते. तर ठरलं: आहे त्याच उंचीचे, थोडे लांब, कोरलेले, ब्रॅकेटसकट, जाड रबरवाले. आणि सीटला फोम.

एकच अडलंय. डावीकडे टाचेने गिअर टाकायचा लिव्हर आहे. पुठ्ठा लावल्यावर टाच मागे न्यावी तर तो मधे येतो. काढून टाकू का? वरचे गिअर टाचेनेच टाकायची सवय आहे.

तेलकट हात

लगेच काढू नका. बऱ्याच गाड्यांत तो खाचांच्या दांड्यावर बसतो, एक बोल्ट सैल करून एक-दोन खाचा वर फिरवता येतो. टाच खालून जाईल इतकी जागा मिळते का बघा. नाहीच मिळाली तर काढा, आणि दांड्यावर त्या जागी तेवढ्याच जाडीचा स्पेसर घाला, नाहीतर पुढचा लिव्हर आत-बाहेर सरकत राहतो. सवय आठवड्यात मोडते. बुटाच्या वरच्या चामड्यावर मात्र काळा डाग पडायला लागेल.

मागची सीट

आणि मागचं भोक? बायकोला विचारलंत की नाही?

लांबपल्ला

विचारलं. एक भोक खाली. शिवाय फोम दोन्ही सीटना हवा, असं कळवण्यात आलंय.