‘फाइलसिस्टिम ॲब्स्ट्रॅक्शन’ मराठीत कसं लिहावं?

वेलांटी: पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या फ्लायसिस्टिम या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, माहिती मराठीत लिहितेय. फाइल स्थानिक डिस्कवर असो, दूरच्या एसएफटीपी सर्व्हरवर असो की ॲमेझॉनच्या एस-थ्री या ऑनलाइन साठवण-सेवेवर, आपल्या प्रोग्राममधला कोड तोच राहतो; खालचा ॲडॉप्टर, म्हणजे त्या त्या जागेशी जोडणारा भाग, तेवढा बदलायचा. पहिल्याच वाक्यात ‘फाइलसिस्टिम ॲब्स्ट्रॅक्शन’ आलं आणि अडले. ‘संचिका-प्रणाली अमूर्तीकरण’ लिहिलं, तर सहकारी म्हणाला, यापुढे कुणी वाचणार नाही. काही सुचतंय?

काना: आधी ‘संचिका’ काढा. सरकारी मराठीत ‘नस्ती’ हा चालता शब्द आहे, ‘नस्तीबद्ध करणे’ हे क्रियापदही तयार आहे. हाताशी शब्द असताना नवे कशाला पाडायचे?

अर्धविराम: नस्ती म्हणजे कागदांचा गठ्ठा, एका टिपणीवर दुसरी चढत जाते. कॉम्प्युटरवर त्याच्या जवळचं काही असेल तर ते फोल्डर. फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ.

काना: इंग्रजी ‘फाइल’सुद्धा मुळात दोराच, लॅटिन ‘फिलम’. कागद दोऱ्यात ओवून ठेवायचे. नस्तीचं नातं मला ‘नस्त’शी वाटतं, नाकातून वेसण ओवतात तसं. म्हणजे दोन्हीकडे कल्पना एकच.

तळटीप: मला ती ‘न्यस्त’वरून आली असावी असं वाटतं. न्यस्त म्हणजे ठेवलेलं. ओवण्याचा संबंध ओढूनताणून आणलेला दिसतो.

अर्धविराम: व्युत्पत्ती काहीही असो, ‘फायलीत’, ‘फायलींचा’ असं आपण सर्रास म्हणतो. ज्या शब्दाचं सामान्यरूप होतं तो मराठीच.

वेलांटी: फाइल राहू दे, मान्य. माझी अडचण ॲब्स्ट्रॅक्शनची आहे.

मात्रा: ‘अमूर्तीकरण’ इथे चुकीचंच आहे. गणितात ठीक, पण इथे काहीच अमूर्त होत नाही, फाइल कुठे आहे तेवढं वरच्या कोडला कळू देत नाहीत. आणि तेही पुरतं साधत नाही. एस-थ्रीच्या साध्या बकेटमध्ये, म्हणजे फायली ठेवायच्या कप्प्यात, खरे फोल्डर नसतात. ‘चित्रे/मांजर’ यातला तिरपा दंड हा नावातलाच एक वर्ण. नाव बदलायचं तर नव्या नावाने प्रत काढायची आणि जुनी पुसायची. मध्येच काही तुटलं तर दोन्ही प्रती मागे राहतात. डिस्कवर, एकाच फाइलसिस्टिममध्ये, तेच काम झटक्यात होतं. त्यामुळे ‘एकरूप’, ‘अभिन्न’ असे शब्द वाचकाला फसवतील. मी ‘फायलींची समान हाताळणी’ म्हणेन.

तळटीप: ‘हाताळणी’त लिहिणंही आलं. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या १.१६ आवृत्तीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, याच कामाचं ‘आयओ/एफएस’ हे पॅकेज आलं. त्यातल्या ‘एफएस’ इंटरफेसला, म्हणजे ठरवून दिलेल्या क्रियांच्या यादीला, ‘ओपन’ (फाइल उघडणं) ही एकच मेथड आहे, लिहिण्याची सोयच नाही. ती हाताळणी कशी?

मात्रा: वाचायला घेणं हीसुद्धा हाताळणीच. पुस्तक हाताळतो तेव्हा त्यात लिहितो का?

काना: ‘तिरपा दंड’ कुठून आणलात? दंड उभाच असतो. ‘तिरकी रेघ’ म्हणा.

अर्धविराम: स्लॅश म्हणा. विंडोजवर उलटा स्लॅशही लागतो, मग त्याला काय ‘उलटी तिरकी रेघ’ म्हणणार?

काना: ‘डावी तिरकी’ आणि ‘उजवी तिरकी’. अगदी सरळ आहे.

तळटीप: डावी म्हणजे वरचं टोक डावीकडे की खालचं?