मदत हवी आहे : घंटागाडी येत नसलेल्या भागात सुक्या कचऱ्याचे काय करावे?

नमस्कार. आम्ही मुळशी रस्त्यावर, पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरील एका लहान सोसायटीत राहतो. येथे घंटागाडी येत नाही. अधूनमधून एक ट्रॅक्टर येतो, परंतु आम्ही वेगळा ठेवलेला ओला आणि सुका कचरा तो एकाच ट्रॉलीत भरून नेतो आणि पुढे रस्त्याकडेच्या ढिगाला आग लावली जाते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले आणि उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्यांतील पहिली गोष्ट आम्ही मनापासून करतो. पण त्या ढिगात पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळाले तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात आणि आमची मुले त्याच हवेत खेळतात, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

ओल्या कचऱ्याचे खत आम्ही आवारातच करतो. वर्तमानपत्रे, पुठ्ठा, पत्र्याचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या रद्दीवाले नेतात. प्रश्न उरतो तो ज्यांना भाव नाही अशा वस्तूंचा : वेफर्सची आतून चंदेरी असलेली पाकिटे, फळांच्या रसाचे टेट्रापॅक, थर्मोकोल, काचेच्या बाटल्या. या सर्व वस्तू आम्ही धुऊन, वाळवून पोत्यांत साठवत आहोत आणि त्या शहरात नेऊन देण्याचीही तयारी आहे. त्या कोण स्वीकारते, आणि त्यांचे पुढे खरोखर काय होते? जुने चार्जर आणि बॅटऱ्या कोठे द्याव्यात? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण धुऊन, वाळवून ठेवता हे फार महत्त्वाचे आहे, कारण खरकटे लागलेला माल कोणीही घेत नाही. पावसाळ्यात पुठ्ठा ओलसर झाला तर तोही परत येतो, म्हणून पोती जमिनीपासून उंचावर ठेवावीत.

वेफर्सच्या पाकिटांत प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. हे थर सहजासहजी सुटे होत नाहीत, म्हणून त्यांना भंगारात किंमत नाही, आणि पुष्कळदा ती सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात. माझ्या मते याला पुनर्वापर म्हणणे योग्य नाही. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते बरे, इतकेच. टेट्रापॅकचे तसे नाही : त्यात सुमारे तीन चतुर्थांश कागदच असतो, तो पाण्यात घुसळून वेगळा काढता येतो आणि उरलेल्या भागाचे दाबून पत्रे बनवतात. त्यामुळे ते चपटे करून स्वतंत्र पोत्यात ठेवावेत. थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असल्याने वाहतूक परवडत नाही; ते घरात येऊ न देणे हाच मार्ग मला दिसतो. काच वारंवार वितळवता येते, पण फुटलेली काच रद्दीवाले टाळतात, म्हणून अखंड बाटल्याच द्याव्यात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, कारण तो इवलासा तुकडा वेचणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही.

पुण्यात 'पूर्णम इकोव्हिजन' ही संस्था ई-कचरा आणि प्लास्टिक यांच्या संकलन मोहिमा घेते. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्थादेखील शहरात काम करते. तिच्या मागे १९९३ पासूनची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' आहे, आणि कोणत्या मालाला गिऱ्हाईक आहे हे या लोकांइतके कोणाला ठाऊक नसते. नेण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी विचारून घ्यावे. बॅटऱ्या मात्र कोणत्याही पोत्यात टाकू नयेत. लिथियमची बॅटरी दबली तर पेट घेऊ शकते, म्हणून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या डब्यात ठेवावी.

एका घराचे अर्धे पोते कोणालाच नको असते. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून माल साठवला, तर घाऊक भंगारवाला टेम्पो घेऊन येण्यास तयार होतो. याशिवाय स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. आपल्या तालुक्यातील केंद्राची स्थिती काय आहे, हे पंचायत समितीकडे लेखी विचारावे आणि त्या अर्जावर सर्व सोसायट्यांच्या सह्या घ्याव्यात.